मदत हवी आहे: आंघोळीच्या फसफसत्या गोळ्या फुगतात, सुगंधी मिठाला पाणी सुटतं (इंदूर)

चाफा_इंदूर

नमस्कार मंडळी. दिवाळीत अभ्यंगस्नानासाठी २५ जणांना घरी केलेला संच द्यायचा आहे. त्यात फसफसत्या गोळ्या, सुगंधी मीठ, साखरेचा स्क्रब आणि उटणं असेल. पहिला घाणा चारही बाबतींत फसला, म्हणून सगळं तपशिलात लिहिते.

गोळ्या: खायचा सोडा २ कप, लिंबूसत १ कप, एप्सम मीठ १ कप, कॉर्नफ्लोर अर्धा कप, बदाम तेल २ चमचे, गवती चहाचं तेल १२० थेंब, रंगासाठी चिमूटभर हळद. ओलावा यायला गुलाबपाणी शिंपडलं. ८ गोळ्या झाल्या. रात्रीतून त्या पोळीसारख्या फुगल्या, वर चामखिळीसारखे फोड आले आणि पिवळ्याच्या जागी लालसर ठिपके दिसायला लागले. एक गोळी बादलीत टाकून आंघोळ केली तर मानेला आणि पाठीला झोंबलं.

मीठ: जाडं खडामीठ आणि एप्सम, वर लव्हेंडर तेल. पन्नीत (प्लास्टिकच्या पातळ पिशवीत) बांधून ठेवलं होतं. तीन आठवड्यांत वास गेला, तळाशी पाणी साचलं.

स्क्रब: साखर आणि खोबरेल. वापरायला काढल्यावर महिन्याभरात कडेला काळी बुरशी.

उटण्यात संत्र्याचं तेल घातलं होतं, ते खवट वास मारतंय.

कुठे चुकतंय? आणि मापं ग्रॅममध्ये मिळाली तर फार बरं होईल.

प्रयोगवही

चाफाताई, सगळ्यात आधी झोंबण्याचं बघू. बाकीच्या चुकांनी माल वाया जातो, या चुकीने माणसाला त्रास होतो.

या कृती टबासाठी लिहिलेल्या असतात. टबात साधारण १५० लिटर पाणी, आपल्या बादलीत १५ ते १८. म्हणजे तीच गोळी बादलीत टाकली की सगळं दहापट तीव्र होतं. शिवाय सुगंधी तेल पाण्यात विरघळत नाही, ते वर तवंग होऊन तरंगतं. आपण मग बुडवतो तो वरूनच. म्हणजे गोळीतलं बहुतेक सगळं तेल पहिल्या एक-दोन मगांत येतं आणि मानेवर, पाठीवर, डोळ्यांत जातं. तुमच्या एका गोळीत १५ थेंब, म्हणजे सुमारे ०.६ ग्रॅम गवती चहाचं तेल होतं. त्यातला सिट्रल त्वचेला झोंबणारा आहे. अंगावर राहणाऱ्या तेलातसुद्धा गवती चहा ०.७ टक्क्याच्या वर नेत नाहीत. तुमच्या पहिल्या मगात तो जवळजवळ निखळच होता.

म्हणून माझं स्पष्ट मत असं की बादलीच्या आंघोळीसाठी फसफसती गोळी करूच नये. ती पाय बुडवायच्या टबासाठी करावी, ५-६ लिटर कोमट पाण्याला २५ ग्रॅमची एक. त्यात तेल ०.२ ग्रॅम, म्हणजे साधारण ५ थेंब, आणि तेही पाण्यात मिसळवणाऱ्या पदार्थासकट. तो पदार्थ म्हणजे पॉलिसॉर्बेट ८०. दवा बाजारात रसायनांच्या दुकानांत विचारा किंवा ऑनलाइन मागवा.

२० गोळ्यांचा एक घाणा असा घ्या: खायचा सोडा २७० ग्रॅम, लिंबूसत १३५ ग्रॅम, कॉर्नफ्लोर ७० ग्रॅम, बदाम तेल १० ग्रॅम, पॉलिसॉर्बेट (८० नंबरचं) १० ग्रॅम, सुगंधी तेल ४ ग्रॅम. एकूण ४९९ होतं. वजनकाटा ०.१ ग्रॅमचा लागेल, कपांनी हे जमत नाही. सोड्याचा कप आणि लिंबूसताचा कप यांची वजनं वेगळी, आणि थेंबाचं माप तर ड्रॉपरगणिक बदलतं.

आता फुगण्याबद्दल. सोडा आणि लिंबूसत एकमेकांना भेटायला पाण्याचीच वाट बघत असतात. तुमच्या गोळीत पाणी तीन वाटांनी आलं.

पहिली वाट गुलाबपाणी. ते पाणीच आहे, गोळी वळतानाच फसफस सुरू होते.

दुसरी एप्सम मीठ. दिसायला कोरडं, पण १०० ग्रॅम एप्सममध्ये ५१ ग्रॅम पाणी स्फटिकात बांधलेलं असतं. कोरड्या किंवा गरम हवेत ते सुटायला लागतं आणि शेजारच्या लिंबूसताला मिळतं. गोळीतून एप्सम काढूनच टाका.

तिसरी वाट लिंबूसत स्वतः. किराण्यात सुटं मिळतं ते पुष्कळदा मोनोहायड्रेट असतं, त्यात १०० ग्रॅमला साडेआठ ग्रॅम पाणी. पाकिटावर ‘अ‍ॅनहायड्रस’ (म्हणजे बिनपाण्याचं) लिहिलेलं घ्या. शिवाय हवेतला दमटपणा ७५ टक्क्यांच्या आसपास गेला की तेही हवेतून पाणी ओढतं. त्याचे मोठे दाणे जिथे असतील तिथेच फोड येतात, म्हणून आधी मिक्सरमधून काढून बारीक चाळणीने चाळायचं. हे करताना नाकातोंडाला फडकं आणि डोळ्यांना चष्मा, भुकटी फार झोंबते.

दुकानात सोडा मागतानाही जपा. मीठा सोडा किंवा खायचा सोडा म्हणा. नुसतं ‘सोडा’ म्हटलं तर कपडे धुण्याचा सोडाही हातात पडू शकतो, आणि तो कातडी पोळवतो.

हळद लाल का झाली ते सोपं आहे. हळदीचा रंग सोडा-चुन्यासारख्या अल्कधर्मी पदार्थाच्या संगतीत लालसर तपकिरी होतो, कुंकू करायला हळदीत चुना घालतात ते याच कारणाने. सोड्याच्या गोळीत हळद, बीट, जास्वंद असा कुठलाच घरगुती रंग टिकत नाही. गोळी पांढरीच ठेवा. फार वाटलं तर सौंदर्यप्रसाधनांसाठीचा अभ्रक-रंग घाण्याला अर्धा ग्रॅम.

कृती: कोरडं सगळं दोनदा एकत्र चाळा. तेल, पॉलिसॉर्बेट आणि सुगंध वाटीत आधी ढवळून एकजीव करा आणि मगच कोरड्यावर थेंब थेंब सोडत हाताने चोळा, करंजीच्या पिठाला मोहन चोळतो तसं. मूठ वळली की आकार धरला पाहिजे, बोटाने दाबली की एका ठिकाणी तुटली पाहिजे. भुगा होत असेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या दोन-तीन फवाऱ्या मारा. मेडिकलमधलं ७० टक्क्याचं स्पिरिट किंवा सॅनिटायझर नको, उरलेलं ३० टक्के पाणीच असतं. पेढ्याचा साचा उत्तम, मोदकाचा साचा घेतलात तर शेंडा मोडतो. घट्ट दाबा, लगेच काढा, कागदावर २४ तास ठेवा. फ्रीजमध्ये नको, तिथून काढताक्षणी गोळीवर दव धरतं. मग बरणीत सिलिका जेलच्या पुड्यांसकट बंद. पहिल्याच दिवशी हवाबंद केल्या तर आत उरलेला वायू झाकण उचलतो.

वाळा

प्रयोगवहींनी गोळ्यांचं नीट सांगितलं आहे, मी मिठाचं आणि सुगंधाचं लिहिते.

खड्याच्या समुद्री मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. स्वयंपाकघरातल्या डब्यात पावसाळ्यात मीठ पाझरतं ते यामुळेच. सैंधव त्या मानाने कोरडं राहतं. मारोठिया बाजारात जाडं सैंधव सुटं मिळेल, गुलाबी-पांढरं कुठलंही चालेल.

१ किलोचं प्रमाण: जाडं सैंधव ४५० ग्रॅम, एप्सम ४८० ग्रॅम, खायचा सोडा ५० ग्रॅम, पॉलिसॉर्बेट (२० नंबरचं) १६ ग्रॅम, सुगंधी तेल ४ ग्रॅम. इथे ८० नाही, २० नंबरचं घ्या. नुसत्या सुगंधी तेलाला ते पुरतं, बदाम तेलासारखं जड तेल बरोबर असलं की ८० लागतं. प्रमाण एकास चार, म्हणून ४ ला १६. दोन्ही वाटीत ढवळून पारदर्शक झाल्यावरच मिठावर. परातीत तासभर पसरून ठेवा आणि मग काचेच्या बरणीत भरा. पाय बुडवायला एका वेळी ५० ग्रॅम.

वास गेला त्यात तेलाइतकाच पन्नीचाही दोष आहे. सुगंधी तेल पातळ पॉलिथिनमधून आरपार निघून जातं. पन्नीच्या बाहेरून वास येत असेल तर तो आतून कमी होतोय असं समजा.

आणखी एक गोष्ट चिठ्ठीवर जरूर लिहा: या मिठाच्या पाण्यात साबण वापरू नका. एप्सम म्हणजे मॅग्नेशियमच, त्याने पाणी कठीण होतं. पाणी नर्मदेचं असो वा बोरिंगचं, त्यात ही भर पडली की फेस होत नाही आणि बादलीला पांढरा चिकट थर बसतो. लोकांना वाटतं मीठ भेसळीचं आहे.

आता सुगंध कोणता घ्यावा. संत्र्याचं तेल उटण्यात खवट झालं कारण त्यातलं लिमोनिन हवेने ऑक्सिडाइज होतं, आणि तसं झालेलं तेल अंगावर पुरळही उठवू शकतं. पिठांवर पसरलं की ते आणखी लवकर बिघडतं. उटण्यात सुगंधी तेल घालायचं कारणच काय? नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद हे सगळं आपणहून सुवासिक आहे. सुगंध द्यायचाच तर अंगाला लावायच्या तेलात द्या: १०० ग्रॅम तिळाच्या तेलाला १ ग्रॅम, म्हणजे १ टक्का. अभ्यंगाला तेवढं भरपूर होतं.

गोळ्यांना आणि मिठाला मी रोशा तेल सुचवेन. हे गवत आपल्या शेजारच्या निमाड-खानदेशातलंच. वास गुलाबाच्या जवळ जाणारा, कारण दोन्हींत जिरॅनिऑल असतं (म्हणूनच महाग गुलाबतेलात त्याची भेसळ करत आले आहेत). त्वचेला सौम्य, किमतीला परवडणारं. ४ ग्रॅममध्ये ३ रोशा आणि १ वाळ्याचं तेल घ्या. वाळा जड असल्यामुळे वास धरून ठेवतो. दालचिनी आणि लवंग तेल या कामात नकोच. लिंबू थंड दाबाने काढलेलं असेल तर अंगाला लावायच्या तेलात नको, ते लावून उन्हात गेलं की डाग पडू शकतात.

अत्तर आणि सुगंधी तेल एक नव्हे हेही सांगते. स्वस्त अत्तराचा आधार पॅराफिन असू शकतो. टिपकागदावर एक थेंब टाकून दुसऱ्या दिवशी बघा, रोशासारख्या हलक्या तेलाचा तेलकट कडा राहायला नको. वाळा-चंदनाला ही कसोटी लागू नाही, ते दिवस दिवस उडत नाहीत.

चाफा_इंदूर

दोघांचेही मनापासून आभार! पहिल्या मगाचं कधी लक्षातच आलं नव्हतं. अजून विचारते: स्क्रबमध्ये व्हिटॅमिन ई घातलं तर बुरशी थांबेल का? सर्दीसाठी निलगिरी आणि कापराच्या गोळ्या केल्या तर? एका घरी दोन वर्षांचं बाळ आहे. आणि उरलेला माल महिला मंडळाच्या स्टॉलवर ठेवला तर चालेल?

बोरिंगचं_पाणी

ताई, व्हिटॅमिन ई तेलाला खवट होऊ देत नाही, एवढंच त्याचं काम. बुरशीला ते अडवत नाही. तेल-साखरेत पाणी नसतं तोवर बुरशी येत नाही, ती येते ओल्या बोटांबरोबर. तेव्हा मोठी बरणी देऊच नका. बारीक दाण्याची साखर २०० ग्रॅम, तेल १०० ग्रॅम, रोशा १.५ ग्रॅम, आणि ३० ग्रॅमच्या डब्या भरा, एक डबी दोन वेळांत संपते. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं. दिवाळीनंतर इंदूरच्या रात्री गार होतात, डबी दगड होते. तिळाचं किंवा बदामाचं घ्या. चिठ्ठीवर लिहा: फरशी निसरडी होते, म्हाताऱ्या माणसांनी बसूनच वापरावं.

निलगिरी, पुदिना, कापूर बाळाच्या घरी अजिबात देऊ नका. तान्ह्या आणि लहान मुलांचा श्वास त्याने अडखळू शकतो, आणि कापूर पोटात गेला तर झटके येतात. गोळी दिसायला पेढ्यासारखी आहे, मूल ती तोंडात घालणारच. त्या घरी फक्त सुगंधी तेल न घातलेलं उटणं.

मधुमेही माणसांसाठी वेगळी सूचना हवी. पायाची जाणीव कमी असेल तर पाणी किती गरम आहे ते कळत नाही आणि पोळतं. त्यांनी पाय बुडवूच नयेत. कोणालाही भेगा किंवा जखम असेल तर मिठाचं पाणी टाळावं.

स्टॉलचं: भेट देणं वेगळं, विकणं वेगळं. अंगाला लावायचा माल विकायला तयार करायचा तर सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० प्रमाणे राज्याच्या औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना लागतो. परवान्याशिवाय स्टॉलवर ठेवू नका.

चाफा_इंदूर

कळलं, स्टॉल रद्द. २५ जणांना प्रत्येकी ४ म्हणजे १०० गोळ्या. प्रयोगवही, एकदमच अडीच किलो भिजवू का?

प्रयोगवही

नको. तेल लागलेलं मिश्रण परातीत उघडं राहिलं की हवेतला दमटपणा धरतं, आणि १०० गोळ्या दाबेपर्यंत शेवटच्या वीस बिघडलेल्या असतात. पाच घाणे करा. सामान एकदम आणा: खायचा सोडा १३५० ग्रॅम, लिंबूसत ६७५, कॉर्नफ्लोर ३५०, बदाम तेल ५०, पॉलिसॉर्बेट (८० नंबरचं) ५०, सुगंधी तेल २० ग्रॅम, म्हणजे २२ मिलीच्या आसपास. ५ मिलीच्या बाटल्या घेऊ नका, महाग पडतात.

पाऊस पूर्ण ओसरल्यावर, कोरड्या दुपारी बसा. ओले कपडे वाळत असलेल्या खोलीत नको, चुलीवर काही उकळत असताना नको. एसी असेल तर ‘ड्राय’वर लावा. पहिला घाणा करून रात्रभर ठेवा. सकाळी एक गोळी सहा लिटर कोमट पाण्यात टाका: दोन-तीन मिनिटांत पूर्ण विरघळली पाहिजे आणि पाण्यावर तेलाचे डोळे दिसता कामा नयेत. दिसले तर घाण्यातलं पॉलिसॉर्बेट १० ग्रॅमवरून १४ ग्रॅम करा, बदाम तेल ६ वर आणा, आणि मगच उरलेले चार घाणे घ्या.