रिचमंड–सॅन राफेल पूल: टोल आम्ही भरायचा, तिसरा पट्टा कुणाचा?

पूर्वकिनारा: कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या पश्चिमेला असलेल्या सॅन राफेलच्या एका दवाखान्यात माझी सकाळची पाळी असते. घर खाडीच्या पूर्वेला रिचमंडला, म्हणून या दुमजली पुलाशिवाय गत्यंतर नाही. पहाटे सहाला टोलनाक्याच्या बऱ्याच अलीकडे लाल दिव्यांची रांग लागलेली असते. जानेवारी 2025 मध्ये टोल 8 डॉलर झाला, तोही फक्त पश्चिमेकडे जाताना, म्हणजे नेमका आम्हा कामावर जाणाऱ्यांकडून. नाका ओलांडला की इतक्या लेन दोनात कोंबल्या जातात. आणि पश्चिमेकडे जाणाऱ्या वरच्या मजल्यावर उजवीकडे तिसरा पट्टा रिकामा दिसतो, कारण नोव्हेंबर 2019 पासून तो सायकलींना दिला होता. ऑगस्ट 2025 मध्ये ठरलं की सोमवार ते गुरुवार दुपारपर्यंत तो बंद पडलेल्या गाड्यांसाठी शोल्डर, म्हणजे कडेची मोकळी जागा, राहील आणि गुरुवार दुपार ते रविवार सायकलींना. माझं मत स्पष्ट आहे: आठवडाभर गाड्यांनाच द्या. पलीकडच्या मरिन काउंटीत घर परवडत नाही म्हणून आम्ही या काठावर राहतो, त्यात रोजचा पाऊण तासही आमचाच जातो.

दोनचाकी: ताई, तुमचा पाऊण तास खरा आहे, त्यावर वादच नाही. पण हा पूल 1 सप्टेंबर 1956 ला सुरू झाला, फेरी बंद पडली, आणि तेव्हापासून 63 वर्षं ज्याच्याकडे गाडी नाही त्याला इथून चालत किंवा सायकलीने जायची सोयच नव्हती. माझ्या बरोबरीने पहाटे एक जण जायचा, हॉटेलात भांडी घासतो. हँडलला डबा बांधलेला, खाडीवरच्या वाऱ्यात मान खाली घालून पॅडल मारायचा. तोही कामगारच ना? दुसरं, शोल्डर म्हणजे लेन नव्हे. पट्टा काढला म्हणून तुमच्या दोन लेनच्या तीन होत नाहीत. गर्दी होते ती नाक्यानंतर लेन आवळतात तिथे.

पोलादी: मी पुलांच्या देखभालीच्या कामात आयुष्य काढलं, म्हणून थोडं लांबलचक लिहितो. हा पूल मधोमध खाली वाकलेला पाहून लोक विचारतात की बिघडलाय का. नाही. जहाजांचे मार्ग दोन आहेत, म्हणून कॅंटिलिव्हरचे टप्पेही दोन, प्रत्येकाचा मुख्य गाळा 1,070 फुटांचा. खांबाच्या दोन्ही बाजूंना पोलादी हात पुढे काढायचे, वजन तोललेलं राहतं आणि खाली बोटींना वाट मोकळी. मोठ्या जहाजमार्गावर 185 फूट उंची सोडली, धाकट्यावर 135. दोन्हींसाठी एकच आराखडा वापरून खर्च वाचवला. त्यामुळे मधला भाग खाली आला आणि चढ-उतार तयार झाले. जड ट्रक त्या चढावर धीमा होतो आणि मागची सगळी रांग धीमी होते.

आता तिसऱ्या पट्ट्याबद्दल. मुळात दोन्ही मजल्यांवर तीन-तीन लेन होत्या. 1977 च्या दुष्काळात मरिनचे जलाशय आटले, तेव्हा पुलावरची एक लेन घेऊन जलवाहिनी टाकली आणि खाडीपलीकडचं पाणी आणलं. 1982 मध्ये ती काढली, पण लेन परत आली नाही, ती शोल्डर झाली. 2021 च्या दुष्काळात पुन्हा तशी वाहिनी टाकायचं ठरत होतं, पाऊस पडला म्हणून राहिलं. माझ्या दृष्टीने हा पट्टा एका गटाचा कधीच नव्हता. ज्याची निकड मोठी त्याला तो मिळत गेला.

पूर्वकिनारा: पोलादी सर, पाण्याचं हे माहीत नव्हतं. पण मग आमची निकड आज मोठी नाही का? खालच्या मजल्यावर 2018 मध्ये संध्याकाळी 2 ते 7 तिसरी लेन सोडली, तेव्हा घरी येतानाची कोंडी केवढी सुटली! सकाळी वर तसंच का नको?

पोलादी: मागणी रास्त आहे. फक्त वरच्या मजल्याचं आयुष्य बघा. फेब्रुवारी 2019 मध्ये तिथूनच काँक्रीटचे तुकडे खालच्या मजल्यावर पडले आणि पूल काही तास बंद ठेवावा लागला. जड वाहनांची आणखी एक रांग वर चढवण्याआधी गर्डर आणि सांधे तपासलेच पाहिजेत. खारं वारं पोलाद खातं. टोलच्या पैशातून रंगकाम आणि गंज काढणं कधीही थांबू देऊ नका, यावर मी कुणाशीही भांडेन.

दोनचाकी: तपासणीला माझा पूर्ण पाठिंबा. पण तोवर सोमवार ते गुरुवार आम्ही काय करायचं? बसच्या पुढच्या रॅकवर मोजक्या सायकली मावतात. रॅक भरलेला असला की पुढच्या बसची वाट बघत थांबायचं. ताई, तुम्ही सकाळी लेनची मागणी करा, मीही सही करतो. पण त्याच अर्जात जास्त रॅक असलेली पहाटेची बस लिहा.

पूर्वकिनारा: लिहिते. पण नाक्यानंतर लेन आवळण्याचा मुद्दा पहिला घालणार, आणि सही तुमचीही हवी, त्या डबेवाल्या माणसाचीही.