जुन्या दूरदर्शनचा आठवडा कोणाला आठवते का?

महालवाला: आईसाठी वहीत ऐंशीच्या दशकातल्या मालिका क्रमाने लिहून राहिलो. रविवारी सकाळचं 'रामायण' 25 जानेवारी 1987 ला सुरू झालं, 'महाभारत' 2 ऑक्टोबर 1988 ला. ह्या तारखा पक्क्या. त्याआधीचा क्रम सांगा ना. आमच्या वाड्यात एकच टीव्ही, तोही ब्लॅक अँड व्हाइट. मालिकेच्या वेळी ओसरीवर चपलांचा ढीग लागे. आईला 'हम लोग' फार प्रिय, ते कधीचं?

धंतोलीची माहेरवाशीण: 'हम लोग' जुलै 1984 चं, भाऊ. शेवटी अशोक कुमार येऊन बोलायचे, त्यासाठी आजी पोळ्या थांबवायची. 'बुनियाद' 1986 चं, फाळणीवरचं. माझ्या मते त्याच्या तोडीचं पुन्हा झालंच नाही. आलोक नाथांचे मास्टर हवेलीराम पहा.

इतवारीकर: 'नुक्कड' विसरू नका बा! 1986. आणि 'भारत एक खोज' 1988 चं, श्याम बेनेगलांचं.

महालवाला: लिहिलं. हवेलीराम म्हणताच आई त्यांच्या मालिकेतल्या बायकोबद्दल, लाजोजींबद्दल बोलू लागली. आता मराठी कार्यक्रमही सांगा, 'आमची माती आमची माणसं'पासून सुरुवात करतो.