साथरोग सर्वेक्षण: ऑन्टॉलॉजी हवी की माणसे?

नीरजा: "ऑन्टॉलॉजी हा संगणकवाल्यांचा खेळ आहे, साथ कळते ती गावात फिरणाऱ्यालाच," हे दत्तारामांचे कालचे विधान वाचून राहवले नाही. ऑन्टॉलॉजी म्हणजे रोग, लक्षणे आणि कारणे यांची नाती यंत्राला वाचता येतील अशी मांडणी. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यातल्या सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी या पट्ट्यात गुलियन बारीचे, म्हणजे मज्जातंतूंवर हल्ला होऊन लुळेपणा आणणाऱ्या आजाराचे, रुग्ण वाढले. हातपाय लुळे पडलेला माणूस मेंदूविकारतज्ज्ञाकडे गेला. त्याच्या आधीच्या जुलाबांची नोंद झालीच असेल, तर ती भलत्याच वहीत. कॅम्पिलोबॅक्टर हा जुलाबांचा जिवाणू, लुळेपणा आणि पाणी यांचे नाते यंत्राला वाचता येईल असे मांडलेले असते, तर या नोंदी एकमेकींना भेटल्या असत्या. लुळेपणाचे आपले सर्वेक्षण पोलिओसाठी आखलेले, म्हणून मुख्यतः पंधरा वर्षांखालील मुलांपुरते आहे.

दत्ताराम: हे नाते डॉक्टरांना पाठ असते, आणि २०२१ पासून साथरोगांच्या नव्या सरकारी पोर्टलवर रुग्णनिहाय नोंदही होते. आणखी काय हवे?

नीरजा: नोंद होते, पण जुलाब आणि लुळेपणा हे दोन रकाने एकमेकांना ओळखत नाहीत.

सुनंदा: माझी वहिनी गावात आशा सेविका आहे. एकच माहिती ती आधी वहीत लिहिते आणि मग रेंज मिळावी म्हणून देवळामागच्या टेकाडावर जाऊन मोबाइलवर भरते. तुमची ऑन्टॉलॉजी आली की तिच्यावर आणखी चार रकाने लादले जातील.

नीरजा: नाही लादले जाणार. तिने नुसते 'कावीळ' लिहावे. त्याचा अर्थ लावणे हे यंत्राचे काम आहे.

मिलिंद: कावीळ हा रोगच नव्हे, ते लक्षण आहे! माझे वडील भातलावणीत गुडघाभर चिखलात उभे होते. ताप आला, डोळे पिवळे झाले, आणि घरच्यांनी काविळीची माळ घातली. लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, दूषित चिखलपाण्यातून होणारा रोग) असल्याचे आठवड्याने कळले, तोवर मूत्रपिंडे गेली होती. या एका शब्दाने आमचे घर उघडे पडले.

दत्ताराम: वाईट वाटले. पण माळ घालणाऱ्याकडे कुठला फॉर्म असतो? जिथे नोंदच नाही, तिथे तुमचे यंत्र काय जोडणार?

मिलिंद: माळेनंतर आम्ही दवाखान्यात गेलो होतो. तिथेही 'कावीळ' एवढेच लिहिले गेले, आणि वडील चिखलात काम करतात का, हे कोणीही विचारले नाही. 'नोंदच नाही' असे म्हणण्याआधी हे वाचा!

दत्ताराम: 'कावीळ' ही नोंद परस्पर हिपॅटायटिसमध्ये न ढकलता लेप्टोची शंका उघडी ठेवायची आणि शेतकामाचा प्रश्न पुढे आणायचा, एवढे मला मान्य करावे लागेल. गुलियन बारीबद्दल माझे मत बदललेले नाही. आणि सुनंदाताईंच्या वहिनींचे दुबार लिहिणे आधी बंद झाले पाहिजे. ते होईपर्यंत मी याच्या बाजूने उभा राहणार नाही.