'जागतिक शालेय स्पर्धा' : निमंत्रण कुणाचं, जबाबदारी कुणाची?

विषय: शाळेच्या संघाला परदेशी स्पर्धेचं निमंत्रण, माहिती हवी
प्रेषक: एक पालक, मंडळ सभासद

नमस्कार मंडळी,

मुलीच्या शाळेच्या व्हॉलीबॉल संघाला परदेशातल्या एका 'जागतिक शालेय अजिंक्यपद' स्पर्धेचं निमंत्रण आलंय. पत्र देखणं आहे. वर बोधचिन्ह, खाली देशोदेशीचे झेंडे, प्रवेशशुल्क भरायची शेवटची तारीख ठळक अक्षरांत. स्पर्धा कुणाच्या मान्यतेने होते आहे, ते मात्र कुठेच लिहिलेलं नाही. क्रीडाशिक्षिका उत्साहात आहेत, मुली तर त्याहून. मुख्याध्यापक सही करायला तयार आहेत.

मला आडकाठी करायची नाही. पण मुलगी पंधरा वर्षांची आहे, आणि तिला कुणाच्या भरवशावर पाठवतोय हे मला कळायला हवं. फुटबॉलला फिफा आहे, तशी शालेय खेळांना कुणी जागतिक संस्था आहे का? नावात 'जागतिक' लिहायला कुणाची परवानगी लागते का? काका, तुम्ही आयुष्यभर शाळेत खेळ शिकवलेत. तुम्ही लिहिलंत तर फार बरं होईल.

---

विषय: उत्तर: शाळेच्या संघाला परदेशी स्पर्धेचं निमंत्रण
प्रेषक: निवृत्त क्रीडाशिक्षक, ज्येष्ठ सभासद

ताई, सप्रेम नमस्कार.

संस्था आहे. आंतरराष्ट्रीय शालेय क्रीडा महासंघ असं तिचं नाव, बोलताना सगळे आयएसएफ म्हणतात. १९७२ मध्ये लक्झेंबर्गमध्ये ती स्थापन झाली, आता कचेरी ब्रसेल्सला आहे. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९९५ मध्ये तिला मान्यता दिली. जिम्नेशियाड हा तिचा सर्वांत मोठा मेळावा. पहिला १९७४ मध्ये जर्मनीत वीसबाडेनला भरला, २०२२ चा फ्रान्समध्ये नॉर्मंडीत झाला, २०२४ चा बहारीनमध्ये. याशिवाय फुटबॉल, बास्केटबॉल, व्हॉलीबॉल, क्रॉसकंट्री, ओरिएंटियरिंग (नकाशा पाहून रानातून वाट शोधत धावायची शर्यत) अशा एकेका खेळाच्या जागतिक शालेय अजिंक्यपद स्पर्धा वेगळ्या होतात.

तुमच्या कामाचा मुद्दा असा की शाळा या महासंघाच्या सभासद नसतात. देशातले शालेय खेळ पाहणारी संघटना सभासद असते. ती कुठे शिक्षण खात्याच्याच हाताखाली असते, तर कुठे स्वतंत्र. भारतात १९५४ पासूनची स्कूल गेम्स फेडरेशन आहे, फ्रान्समध्ये यूएनएसएस नावाची संघटना आहे. संघाची प्रवेशिका त्या संघटनेमार्फत जाते. म्हणून पहिला फोन आयोजकांना करू नका, आपल्या देशाच्या शालेय क्रीडा संघटनेला करा. या स्पर्धेची त्यांना माहिती आहे का, एवढंच विचारा. अर्धा उलगडा तिथेच होईल.

'जागतिक' शब्दावर कुणाची मालकी नाही. मैदान भाड्याने घेऊन, चार देशांतले संघ बोलावून कुणीही तो लावू शकतो. तसं करणं गुन्हा नव्हे, आणि खासगी आयोजकांच्या काही स्पर्धा खरोखर चांगल्या चालतात. पण पंचांचा निर्णय चुकला, मूल आजारी पडलं, सामना रद्द झाला, तर दाद कुणाकडे मागायची? संघटनेच्या स्पर्धेत तांत्रिक समिती असते, लेखी हरकत नोंदवायची रीत असते, आणि वर एक सर्वसाधारण सभा असते जिथे तुमच्या देशाचा प्रतिनिधी बसतो. खासगी स्पर्धेत बहुतेक वेळा आयोजक आणि न्यायाधीश एकच असतो.

आयएसएफ एकटीच आहे असंही नाही. आंतरराष्ट्रीय बालक्रीडा स्पर्धा १९६८ मध्ये स्लोव्हेनियातल्या त्सेल्ये गावी सुरू झाली. मेटोड क्लेमेंट्स नावाच्या गृहस्थांनी नऊ युरोपीय गावांतली मुलं एकत्र आणली. तिथे आजही देश नव्हे, शहरं उतरतात, आणि बारा ते पंधरा वर्षांची मुलं खेळतात. मला ती कल्पना फार आवडते. आग्नेय आशियातल्या देशांची आसियान शालेय स्पर्धा २००९ पासून आहे. युवा ऑलिंपिक, म्हणजे २०१० चं सिंगापूर, २०१४ चं नानजिंग, २०१८ चं ब्यूनोस आयरेस, वयाने शाळकरी मुलांचंच. पण त्याचा शाळेशी संबंध नाही. तिथे मूल जातं ते त्या त्या खेळाच्या महासंघातून आणि देशाच्या ऑलिंपिक समितीतून.

इथेच सगळ्या व्यवस्थेची गोम आहे. मुलापुढे दोन शिड्या लावलेल्या असतात. एक क्लबपासून खेळाच्या महासंघाकडे जाते, दुसरी शाळेपासून शिक्षण खात्याकडे. दोन्हींच्या स्पर्धांची वेळापत्रकं वेगवेगळ्या कचेऱ्या ठरवतात आणि एकमेकींना विचारत नाहीत. मूल मात्र एकच असतं. वर्षात ते एकूण किती सामने खेळलं, किती दिवस शाळा बुडली, गुडघ्यावर किती भार आला, याचा हिशोब कुणाच्याच वहीत नसतो. जपानमध्ये शालेय बेसबॉलची राष्ट्रीय स्पर्धा १९१५ पासून आहे, आणि एकाच मुलाला सलग सामन्यांत चेंडू फेकायला लावण्याची तिथे मोठी परंपरा होती. अखेर २०२० मध्ये एका खेळाडूला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा घातली गेली. शतकभर जुन्या स्पर्धेला हे सुचायला एवढा वेळ लागला. पण सुचलं, कारण शालेय बेसबॉलची स्वतःची संघटना होती आणि नियम करायचा अधिकार तिच्या हातात होता.

म्हणून माझं ठाम मत आहे की शालेय स्पर्धेत शाळा मालक राहिली पाहिजे. जमैकाची मुलामुलींची अजिंक्यपद स्पर्धा, जिला तिथे सगळे 'चॅम्प्स' म्हणतात, १९१० पासून चालू आहे. उसेन बोल्टने २००३ मध्ये तिथेच २०० मीटर २०.२५ सेकंदांत आणि ४०० मीटर ४५.३५ सेकंदांत मारली होती. जगाला धावपटू पुरवणारी ही स्पर्धा सरकार चालवत नाही, ॲथलेटिक्स महासंघही चालवत नाही. माध्यमिक शाळांच्या मुख्याध्यापकांची संघटना चालवते. स्पर्धेचं नाव बिघडलं तर त्याच माणसांना सोमवारी शाळेत मुलांसमोर उभं राहायचं असतं.

आयएसएफच्या कित्येक खेळांत दोन गट असतात, 'शाळेचा संघ' आणि 'निवडलेला संघ'. पहिल्यात एकाच शाळेची मुलं खेळतात, दुसऱ्यात देशभरातून निवडलेली. माझा जीव पहिल्यावर आहे. तुमच्या पत्रात हा फरक केलाय का, ते पाहा. केला नसेल, तर तुमच्या मुली कुणाच्या निवडक संघासमोर उभ्या राहतील हे आधी विचारून घ्या.

---

विषय: उत्तर: उत्तर: शाळेच्या संघाला परदेशी स्पर्धेचं निमंत्रण
प्रेषक: सभासद, हौशी प्रशिक्षक

काका, नमस्कार. तुमचं पत्र दोनदा वाचलं. माहितीबद्दल मनापासून आभार, पण शाळेच्या संघावर तुमचा जो जोर आहे तो मला पटत नाही.

मी शनिवार-रविवार मुलांना फुटबॉल शिकवतो. माझ्याकडची सगळ्यात गुणी मुलगी ज्या शाळेत जाते तिथे धड मैदान नाही, अकरा मुली जमत नाहीत. शाळेचाच संघ हवा म्हटलं तर तिने करायचं काय? पैसेवाल्या शाळा प्रशिक्षक नेमतात, चांगली मुलं शिष्यवृत्ती देऊन ओढतात, आणि मग तोच 'शाळेचा संघ' म्हणून मिरवतात. निवड चाचणी निदान सगळ्यांना खुली असते.

आणि वयाची लबाडी? ती पकडायला तज्ज्ञ लागतात, यंत्रं लागतात. ते मोठ्या संघटनांनाच परवडतं, मुख्याध्यापकांना नाही.

---

विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: शाळेच्या संघाला परदेशी स्पर्धेचं निमंत्रण
प्रेषक: निवृत्त क्रीडाशिक्षक, ज्येष्ठ सभासद

दादा, तुमच्या त्या मुलीसाठी वाट हवीच. निवडक संघांचा गट बंद करा असं मी म्हणत नाही. ती मुलगी त्यातून जावी, क्लबमधून जावी, जिथून जमेल तिथून जावी.

पण निवड चाचणी सगळ्यांना सारखीच खुली असते, हे मला मान्य नाही. वयोगट बहुधा जन्मवर्षावर ठरतो. म्हणजे जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरमधलं मूल एकाच रांगेत उभं राहतं, आणि तेरा-चौदा वर्षांच्या वयात अकरा महिने म्हणजे केवढं अंतर! कॅनडात मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वरच्या संघांत वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांची गर्दी दिसली. निवडणाऱ्यांनी गुण निवडला असं त्यांना वाटत होतं, पण बऱ्याचदा त्यांनी उंची निवडली होती. मागे राहिलेली मुलं खेळ सोडतात, आणि त्यांची नोंद कुठेच होत नाही.

वयाच्या लबाडीबद्दल. यंत्रं आहेत. फिफाने २००९ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकापासून मनगटाचं एमआरआय सुरू केलं. मनगटाच्या एक्स-रेवरून हाडांचं वय काढण्याची पद्धत तर जुनीच. पण हाड जन्मतारीख सांगत नाही, शक्यता सांगतं. काही मुलं लवकर वाढतात, काही उशिरा, आणि अशा मुलांवर नाहक ठपका येतो. अमेरिकेतल्या लिटल लीग बेसबॉलच्या २००१ च्या जागतिक स्पर्धेत बारा वर्षांची मर्यादा असताना चौदा वर्षांचा मुलगा खेळला आणि गाजला. लबाडी उघडकीस आली ती जन्माच्या नोंदी तपासल्यावर. संघाचे सगळे निकाल रद्द झाले. दाखला मोठ्यांनी बनवला होता, पण मान खाली घालावी लागली मुलाला. ज्या शिक्षकाने मुलाला पहिली-दुसरीपासून पाहिलंय, ज्याच्या हजेरीपटावर त्याचं नाव दरवर्षी आहे, त्याच्याइतका चांगला साक्षीदार कुठलंच यंत्र होऊ शकत नाही. शाळा हवी म्हणतो ती यासाठीही.

शाळा मुलं ओढतात, ही तुमची तक्रार मात्र शंभर टक्के खरी. त्यावर अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांच्या शालेय क्रीडा संघटनांनी उपाय केलाय: शाळा बदललेल्या मुलाला काही काळ, कित्येक ठिकाणी वर्षभर, मुख्य संघातून खेळता येत नाही, कुटुंबानेच घर बदललं असेल तर सूट मिळते. नियम कडक आहे, त्यात कधी अन्यायही होतो. पण त्या देशात शालेय खेळांत दरवर्षी सुमारे ८० लाख सहभागांची नोंद होते (दोन खेळ खेळणारं मूल दोनदा मोजलं जातं), आणि तरीही राज्य संघटनांचा राष्ट्रीय महासंघ, १९२० पासूनचा, स्वतः राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरवत नाही. राज्याच्या पातळीवर थांबतात. मुलांनी फार दूर प्रवास करू नये, अभ्यास बुडू नये, हा विचार त्यामागे आहे. एवढी मोठी व्यवस्था जागतिक तर सोडाच, राष्ट्रीय विजेतेपदाशिवायही छान चालते, याचा आपण पालकांनी विचार करायला हवा.

ताई, आता पुन्हा तुमच्याकडे. एक गोष्ट पहिल्या पत्रात लिहायला मन धजत नव्हतं, पण लिहितो. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियात ॲडलेडला पॅसिफिक स्कूल गेम्ससाठी गेलेल्या एका पाहुण्या संघातल्या मुलीचा समुद्रात बुडून मृत्यू झाला. मैदानात काही झालं नव्हतं. अशा दौऱ्यांत सर्वांत मोठा धोका सामन्यांच्या मधल्या मोकळ्या वेळात असतो, आणि नियमपुस्तकात पानंच्या पानं असतात ती सामन्यांवर. मुलींसोबत स्त्री व्यवस्थापक कोण, किती मुलींमागे एक मोठं माणूस, मोकळ्या दिवशी त्या कुठे जाणार, तिथे पाणी असेल तर जीवरक्षक आहे का, रात्री खोल्यांवर लक्ष कुणाचं, हे सगळं लेखी मागा. विम्यात खेळातली दुखापत धरली आहे का, तेही मागा. साध्या प्रवासविम्यात ती पुष्कळदा नसते. मूल कुठलं औषध घेत असेल, अगदी दम्याचा पंप असला तरी, उत्तेजक चाचणी होणार का हे विचारा. वाडाच्या, म्हणजे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या, २०२१ च्या संहितेत सोळा वर्षांखालच्या खेळाडूंना 'संरक्षित व्यक्ती' म्हणून वेगळी वागणूक आहे. पण चाचणीच्या वेळी मुलीसोबत मोठं माणूस कोण बसेल, हे आधी ठरलेलं असावं.

यातला कुठलाही प्रश्न विचारल्यावर जो आयोजक रागावतो, त्याच्याकडे मुलगी पाठवू नका.

आणि जमलं तर जाऊ द्या तिला. आयएसएफच्या ओरिएंटियरिंग स्पर्धेत वेगवेगळ्या देशांची मुलं एकाच चमूत घालून मैत्री शर्यत होते. भाषा येत नाही, नकाशा एकच, आणि रान दोघांनाही अनोळखी. शालेय खेळ देशांच्या पलीकडे न्यायचे ते याच्यासाठी. पदकांसाठी इतर स्पर्धा पुष्कळ आहेत.

---

विषय: उत्तर: शाळेच्या संघाला परदेशी स्पर्धेचं निमंत्रण
प्रेषक: एक पालक, मंडळ सभासद

काका, दादा, दोघांचे मनापासून आभार.

देशाच्या शालेय क्रीडा संघटनेकडे चौकशी केली. ही स्पर्धा त्यांच्या माहितीत नाही, आयएसएफच्या कार्यक्रमातही नाही. आयोजकांना मी मेल केली. प्रवेशशुल्काबद्दल लगेच उत्तर आलं, निवास आणि देखरेखीबद्दलच्या प्रश्नांना अजून नाही. शाळेचे संघ आणि निवडक संघ एकाच गटात खेळणार, एवढं मात्र त्यांनी कबूल केलं.

काल पालकांची बैठक झाली. काकांचे प्रश्न मी जसेच्या तसे वाचून दाखवले. क्रीडाशिक्षिका सुरुवातीला जरा हिरमुसल्या, पण मुक्कामात मुलींसोबत दुसरी स्त्री कोण, या प्रश्नावर त्याच सर्वांत जास्त बोलल्या. आत्तापर्यंत हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता, असं म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी सही थांबवली आहे. आयोजकांना शाळेच्या नावाने पत्र जाईल, आणि शेवटच्या तारखेपर्यंत लेखी उत्तर आलं नाही तर संघ जाणार नाही. मुलींना हे क्रीडाशिक्षिका आणि मी मिळून सांगणार आहोत. त्या रडतील, याची मला कल्पना आहे.

त्याच वेळी, पुढच्या वर्षी आयएसएफच्या शाळासंघांच्या गटात उतरायचं तर देशातली पात्रता फेरी कधी आणि कशी असते, याची विचारणा शाळेने संघटनेकडे केली आहे. दादा, तुमच्या त्या मुलीसाठीही मी त्याच पत्रात विचारलंय. ज्यांच्या शाळेला संघ नाही अशा मुलींना शेजारच्या शाळेतून खेळता येतं का? काही ठिकाणी दोन-तीन लहान शाळांना मिळून संघ करायची मुभा असते, असं क्रीडाशिक्षिका सांगत होत्या. उत्तर आलं की इथे कळवते.