मदत हवी आहे : सेरो गोर्दोच्या चांदीच्या खाणी

मंडळी, कॅलिफोर्नियातल्या इनयो काउंटीत सेरो गोर्दोला कोणी जाऊन आलंय का? १८६५ च्या सुमारास तिथे चांदी सापडली. चांदी-शिशाच्या विटा खेचरांच्या गाड्यांतून लॉस एंजेलिसला जायच्या, मधे ओवेन्स तळ्यावरून चक्क आगबोटीने! (पुढे लॉस एंजेलिस शहराने पाणी पळवलं आणि तळं आटलं.) तिथल्या बेलशॉ नावाच्या खाणमालकाने तर घाटरस्ता बांधून टोल बसवला, म्हणजे हे दुखणं जुनंच.

मला हवंय ते असं : ८,५०० फुटांवर, त्या उघड्या डोंगरात, भट्ट्यांना जळण आणि माणसांना पाणी कुठून यायचं? कामगारांच्या रोजच्या जगण्याबद्दल कुठे वाचायला मिळेल?

आणि पायथ्याच्या कीलर गावाहून वर जाणारा आठ मैलांचा कच्चा चढ साध्या गाडीने जमतो का? मागच्या खेपेला पायथ्याशी थर्मासमधला चहा पिऊन परतलो. यंदा सत्तरीचे बाबाही हट्ट धरून बसलेत.