पौलाचा अपराधगंड आणि स्टेंडाल

पौल हा ख्रिस्ती धर्माचा पहिल्या शतकातला प्रचारक; बायबलमधली बरीच पत्रं त्याच्या नावावर आहेत. त्यातल्या रोमकरांस पत्राच्या सातव्या अध्यायातलं 'जे चांगलं करावंसं वाटतं ते मी करत नाही' हे वाक्य घेऊन त्याला थेट फ्रॉइडच्या कोचावर झोपवणारं, म्हणजे तो अपराधभावाने पोखरलेला होता असं निदान करणारं एक विवेचन वाचलं. वाचायला मजा आली, पण पटलं नाही. हाच पौल फिलिप्पैकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात आपल्या परुशी दिवसांबद्दल (परुशी म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी पंथ) छाती पुढे काढून सांगतो, की नियमशास्त्राच्या, म्हणजे यहुदी धर्मनियमांच्या बाबतीत मी निर्दोष होतो. अपराधभावाने पोखरलेला माणूस असं लिहील? ख्रिस्ती होण्याआधी ख्रिस्ती मंडळीचा (म्हणजे ख्रिस्ती समुदायाचा) छळ केल्याची खंत त्याला आहे, पण तीही १ करिंथकर १५ मध्ये दोन वाक्यांत उरकून तो पुढे सरकतो.

हा मुद्दा मांडला क्रिस्टर स्टेंडाल या बायबलच्या स्वीडिश अभ्यासकाने, आणि गंमत म्हणजे १९६१ साली अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्याच वार्षिक अधिवेशनात, त्यांच्यासमोर उभं राहून. (१९६३ मध्ये ते छापून आलं.) त्याचं म्हणणं असं, की स्वतःचं मन उकरत बसण्याची सवय चौथ्या-पाचव्या शतकातल्या ऑगस्टीन या ख्रिस्ती विचारवंतापासून सुरू होते, सोळाव्या शतकातल्या ल्यूथर या धर्मसुधारकामध्ये टोकाला जाते आणि मग आपण ती मागे नेऊन पौलावर लादतो. पौलापुढचा प्रश्न वेगळाच होता: यहुदी नसलेल्यांना मंडळीत कोणत्या अटीवर घ्यायचं? स्टेंडाल स्वतः ल्यूथरन, म्हणजे ल्यूथरच्याच पंथाचा होता, हे विशेष. म्हणून मानसशास्त्रीय वाचन बादच करा असं नाही. गेर्ड थाइसेन या बायबलच्या जर्मन अभ्यासकाने १९८०च्या दशकात पौलावर ते बऱ्याच सावधपणे करून दाखवलंय, पण तो फ्रॉइडवर थांबत नाही, अध्ययन (माणूस कसा शिकतो) आणि बोधन (तो जग कसं समजून घेतो) यांचे मानसशास्त्रातले सिद्धांतही सोबत घेतो.