रेशेन खिंड सायकलने : नाऊडर्सचा चढ कुठून? (तातडीने मदत हवी)

वाट_चुकलेला
नमस्कार मंडळी. ऑस्ट्रियातून रेशेन खिंडीने इटलीत उतरायचंय. पुढच्या गुरुवारी निघतोय, म्हणून थेट मुद्द्यावर येतो. माझ्याकडचा एक जीपीएस ट्रॅक प्फुन्ड्सच्या पुढे कायेटान पुलावरून बी १८० हमरस्त्यानेच खिंडीअलीकडच्या नाऊडर्सला चढवतो. दुसरा मध्येच स्वित्झर्लंडमध्ये घुसतो. दोन्हीपैकी कुठला घ्यायचा? आणि चढच टाळायची काही सोय आहे का? "गूगल करा" असं कृपया सांगू नका, तीन रात्री तेच करतोय.

घाटमाथा
कुठून कुठे? किती दिवस? सायकल कुठली? एकटे की सोबत कोणी?

पेडलपंत
हा तर विया क्लाऊडिया ऑगुस्टा, जुना रोमन रस्ता! इ.स.पू. १५ मध्ये रोमन सेनापती ड्रुससने या मार्गाची सुरुवात केली आणि त्याचा मुलगा सम्राट क्लॉडियस याने इ.स. ४६-४७ मध्ये तो पुरा केला. डोनाऊ (डॅन्यूब) नदीपासून थेट इटलीत उतरणारा रस्ता. दोन हजार वर्षांपूर्वी इथून बैल गाड्या ओढत होते. तुम्हालाही जमेल. शुभेच्छा!

वाट_चुकलेला
इतिहास नकोय हो. लान्डेक ते बोल्झानो, तीन दिवस. सायकल साधी ट्रेकिंग. आता सांगा.

इन्सब्रुककर
बी १८०चा विचार डोक्यातून काढा. कायेटान पूल ते नाऊडर्स या टप्प्यात बोगदे आहेत, एका बाजूने उघड्या गॅलऱ्या आहेत, ट्रक आहेत आणि शनिवार-रविवारी खिंडीत गुरगुरत जाणारे मोटारसायकलवाले आहेत. तुमचा दुसरा ट्रॅक बरोबर आहे. इन नदीच्या कडेने तसंच पुढे मार्तीनाला जा. हो, ते स्वित्झर्लंड. तिथून नॉर्बर्ट्सहोएचा घाट लागतो : साधारण ६ किमी, ११ वळणं, १०३५ मीटरवरून १४०५ वर. चढ एकसारखा आहे, कुठे छातीवर येत नाही, आणि बराचसा झाडीतून. वरून नाऊडर्स खाली दिसतं, दोन किलोमीटरांत पोचता. पुढे खिंड अशी जाणवतच नाही, सीमा कधी ओलांडली तेही कळत नाही.

एक सूचना : मार्तीनाच्या अलीकडेच फोनचं रोमिंग बंद करा. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, सगळ्याच जर्मन सिम तिथे फुकट चालत नाहीत. अर्ध्या तासाच्या नकाशाचं बिल बघून मी घाटापेक्षा जास्त धापा टाकल्या होत्या.

डोंबिवली_फास्ट
स्वित्झर्लंडसाठी वेगळा व्हिसा लागेल का? माझ्या मेव्हण्याला विमानतळावर फार प्रश्न विचारले होते.

इन्सब्रुककर
नाही. शेंगेनमध्येच आहे, एकच व्हिसा चालतो. पण मूळ प्रश्न तो नव्हता.

सौ_म्युनिक
दादा, सामान किती आहे? त्यावर सगळं ठरतं.

वाट_चुकलेला
दोन पॅनियर (कॅरियरच्या बाजूच्या पिशव्या). आणि ट्रेलर.

घाटमाथा
कसला ट्रेलर?

वाट_चुकलेला
मुलीचा. पाच वर्षांची आहे. पण रस्ता तोच राहणार ना?

घाटमाथा
अहो, मुलगी आणि ट्रेलर मिळून तीस-पस्तीस किलो ओढणार आहात, आणि तिसऱ्या प्रतिसादात सांगताय!

पेडलपंत
काही होत नाही. मी पोराला पुढच्या दांड्यावरच्या सीटवर बसवून वाईहून पसरणी घाट चढलोय. हल्ली सगळ्यांना ई-बाईक पाहिजे. मोटार लावली की ती सायकल राहत नाही, लूना होते.

सौ_म्युनिक
पंत, तुमचा पसरणी घाट आम्ही प्रत्येक धाग्यावर चढतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी ई-बाईकवरच इनच्या काठाने पासाऊपर्यंत गेले. ती लूना असेल तर लूनाच सही.

आणि महत्त्वाचं : ऑस्ट्रियात १२ वर्षांखालच्या मुलांना हेल्मेट सक्तीचं आहे, ट्रेलरमध्ये बसलेल्यांनाही. २०११ पासून. ट्रेलरमध्ये हेल्मेट मागे टेकून मान पुढे झुकते, त्यामुळे मागून चपटं असलेलं घ्या.

भटकी_जमात
या सगळ्या खटाटोपापेक्षा द्राऊ नदीकाठचा सायकलमार्ग का करत नाही? तोब्लाखहून लिएन्त्सला. जवळजवळ सगळा उतार, झाडी, नदी, आणि परतीला रेल्वे. मुलं असतील तर तोच. आम्ही दोनदा केला.

इन्सब्रुककर
उन्हाळ्यात तिथे इटलीहून येणारी भाड्याच्या सायकलींची जत्रा असते. ट्रेलर घेऊन त्या गर्दीत? नको.

भटकी_जमात
जत्रा असली तरी ट्रक तर नाहीत!

वाट_चुकलेला
द्राऊ नाही. हॉटेलं बुक झालीत, पैसे परत मिळत नाहीत. पहिली रात्र ग्लुर्न्स, दुसरी मेरानो. बायकोची ई-बाईक आहे, माझी साधी.

घाटमाथा
थांबा. पहिली रात्र ग्लुर्न्स? लान्डेकहून एका दिवसात?

डोंबिवली_फास्ट
नकाशावर ग्लुर्न्स सापडत नाही. ग्लोरेन्झा दिसतंय. जवळ आहे का?

सौ_म्युनिक
एकच गाव आहे ते, जर्मन आणि इटालियन नाव. पहिल्या महायुद्धानंतर हा भाग ऑस्ट्रियाकडून इटलीकडे गेला, तेव्हापासून प्रत्येक पाटीवर दोन बारशी. माल्स म्हणजे माल्लेस, मेरान म्हणजे मेरानो, रेशेन म्हणजे रेसिया, आणि नदी एच म्हणजेच आदिजे. धागाकर्ते स्वतःच गाव जर्मनमध्ये लिहितात आणि मुक्काम इटालियनमध्ये.

घाटमाथा
तर धागाकर्ते, हिशेब करू. लान्डेक ते मार्तीना पन्नासच्या आसपास, तेही कायम किंचित चढाचं. मग घाट, मग रेशेनचं तळं, मग ग्लुर्न्स. एकूण ८०-८५ किमी. लान्डेक ८१६ मीटर, खिंड १५०० च्या वर, मधले चढउतार वेगळे. ट्रेलरसकट, आणि मुलगी दर दीड तासाने शू, भूक, झोका मागणार. खरा प्रश्न रस्त्याचा नाहीच, तुमच्या पहिल्या मुक्कामाचा आहे.

वाट_चुकलेला
म्हणूनच पहिल्याच ओळींत विचारलं होतं, चढ टाळायची सोय आहे का.

इन्सब्रुककर
आहे. बस. मोसमात लान्डेकहून नाऊडर्सकडे सायकली नेण्याची सोय असते. पण ट्रेलरची रुंदी आधी फोन करून सांगा, दोन मुलांचा रुंद ट्रेलर असेल तर मिटवायला सांगतात. आदल्या दिवशी दुपारी फोन करून भागत नाही, आजच करा.

पेडलपंत
बसनेच जायचं तर सायकल कशाला?

सौ_म्युनिक
उतरायला, पंत. रेशेनहून मेरानपर्यंत ८० किमी आणि १२०० मीटर उतार, यासाठीच लोक येतात. अर्धे लोक तर रेल्वेने माल्सला चढतात आणि तिथून खाली सुटतात. मेरान-माल्स ही लाईन १९९० ला बंद पडली होती, २००५ ला पुन्हा सुरू झाली, ती मुख्यतः स्थानिकांसाठी. पण उन्हाळ्यात डबे सायकलवाल्यांनी भरलेले असतात.

घाटमाथा
उताराचीच मला जास्त काळजी आहे. रेशेनच्या पुढचं दुसरं तळं हायडर, त्याच्या खाली बुर्गाइसकडे वाट एकदम सुटते. ते तळं १४५० मीटरवर, ग्लुर्न्स ९०७ वर. मागून ट्रेलर ढकलतो. ब्रेक दाबून धरू नका, दाबा-सोडा करत या. निघण्याआधी पॅड बघून घ्या. ट्रेलर कोणाच्या सायकलला आहे? ई-बाईकला लावा. तिचे डिस्क ब्रेक सहसा दणकट असतात.

मेरानच्या तोंडाशी, ट्योलनंतर, पुन्हा नागमोडी उतार आहे. मधला भाग मात्र सुखाचा, सफरचंदाच्या बागांतून.

माळरान
कुठल्या महिन्यात जाताय?

वाट_चुकलेला
पुढच्या गुरुवारी. लिहिलंय.

माळरान
म्हणजे सप्टेंबर. तोडणीचा हंगाम. ट्रॅक्टर त्याच वाटांवर येतात, पेट्यांच्या थप्प्या घेऊन. त्यांना वाट द्या, रोजीरोटी आहे त्यांची. बागा आहेत म्हणून खोरं ओलं वाटतं, पण ते कोरडंठाक आहे, वर्षाला ५०० मिमीच्या आसपास पाऊस. आमच्या माणदेशासारखंच. डोंगरउतारावरून पाटाने पाणी आणलंय, त्या पाटांना 'वाल' म्हणतात. त्यांच्या कडेच्या पायवाटा सुंदर आहेत, पण चालण्यासाठी. सायकल घालू नका.

अनामिक_वाचक
त्या रेशेनच्या तळ्यात चर्चचा मनोरा बुडालेला दिसतो ना? मुलीला दाखवा.

माळरान
हो, ग्राऊन गावचा. चौदाव्या शतकातला. १९५० मध्ये धरणाचं पाणी भरलं, १६३ घरं गेली आणि ५२३ हेक्टर जमीन. लोक मनोऱ्यासमोर दात काढून फोटो काढतात, मला कसंतरीच वाटतं. आमच्या उजनीत पळसदेवचं देऊळ असंच, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं.

अनामिक_वाचक
पळसदेवला आम्ही होडीतून गेलो होतो. फ्लेमिंगोही दिसले.

डोंबिवली_फास्ट
मुळशीचं काय मग? सेनापती बापटांचा सत्याग्रह १९२१ चा. त्यावर कोणी बोलत नाही.

घाटमाथा
बोलू, वेगळा धागा काढा. याचं धरण करू नका.

सौ_म्युनिक
बोल्झानोहून परत कसे येणार? म्युनिकच्या थेट युरोसिटी गाडीला सायकलींचं आरक्षण लागतं.

वाट_चुकलेला
माणसांची तिकिटं काढली. सायकलींचं वेगळं असतं?

सौ_म्युनिक
असतं. आणि जागा मोजक्याच. बघा लगेच.

वाट_चुकलेला
फुल्ल.

इन्सब्रुककर
मग तुकड्यातुकड्यांनी प्रादेशिक गाड्या : बोल्झानो ते ब्रेनर, ब्रेनर ते इन्सब्रुक, पुढे कुफश्टाईन, मग म्युनिक. अख्खा दिवस जातो. ट्रेलर मिटवून ठेवा आणि दारापाशी उभं राहायची तयारी ठेवा. शिदोरी घ्या.

सौ_म्युनिक
शिदोरीत ठेपले. तिखटमिठाच्या पुऱ्या ट्रेलरमध्ये चुरा होतात, स्वानुभव.

पेडलपंत
ठेप्ले गुजराती. दशम्या म्हणा.

वाट_चुकलेला
(गुरुवार, रात्री) ग्लुर्न्सहून लिहितोय. बस मिळाली, ट्रेलर मिटवावा लागला. बायको म्हणाली, एवढी ई-बाईक आणलीच आहे तर मी मार्तीनावरून येते. ती पहाटे निघाली. मी, लेक आणि दोन सायकलींऐवजी एक, असे आम्ही सामानासारखे नाऊडर्सला पोचलो आणि तिची वाट बघत आइस्क्रीम खाल्लं. ट्रेलर तिच्या सायकलला लावला. उतारावर लेक मागून ओरडत होती, "बाबा, तू मागेच राहिलास."

उद्या मेरानो. परतीच्या गाड्यांचं वेळापत्रक कोणी नीट टाकेल का?

घाटमाथा
किती वाजता निघणार?

डोंबिवली_फास्ट
आइस्क्रीम केवढ्याला पडलं?